पहिल्या नंबराची गॅरंटी आणि कूलरच्या ताट्या

पत्र: आमचं सक्करदऱ्यात कूलरचं दुकान आहे. सासऱ्यांनी तीसेक वर्षांपूर्वी सुरू केलं. बॉडी आम्हीच बनवतो, ताट्या (बाजूंचे गवताचे पडदे) बदलतो, दुरुस्तीही करतो. २०१० साली ओळखीच्या एका मुलाने वेबसाइट करून दिली होती. तेव्हा गूगलवर ‘कूलर नागपूर’ टाकलं की आम्ही वर दिसायचो, भंडारा-चंद्रपूरहूनही फोन यायचे. दोन-तीन वर्षांनी ते आपोआप बंद झालं. कोविडच्या वेळी भाच्याने गूगलवरच एक फुकटची साइट काढून दिली, तीही गायब झाली. आता एक एजन्सीवाला म्हणतो, महिन्याला १८,००० रुपये द्या, होळीच्या आत पहिल्या नंबरवर आणून देतो, गॅरंटी. दुसरा म्हणतो, एसईओ (गूगलवर साइट वर आणायचं काम) मेलं, आता एआयसाठी करावं लागते. सासरे म्हणतात, ‘त्याइले कूलरमधलं काय समजते?’ मी बी.कॉम. आहे, हिशेब कळतो, हे कळत नाही. पैसे द्यावे का?
– कूलरवाल्यांची सून, नागपूर

ताई,

नका देऊ. गॅरंटीवाल्याला तर एक रुपयाही नको. गूगलच्या स्वतःच्या मदतपानावर लिहिलेलं आहे की पहिल्या नंबराची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जपून राहा. तिथेच हेही लिहिलंय की अशा कामाचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं. तुमचं पत्र जानेवारीच्या शेवटी माझ्याकडे आलं. होळी मार्चमध्ये. हिशेब तुम्हाला कळतो म्हणता, तर हा करून पाहा.

पण मला तुमच्या पत्रातलं ‘आपोआप बंद झालं’ हे जास्त टोचलं. आपोआप काहीच झालं नाही. तुम्ही पत्ता दिला होता म्हणून ती जुनी साइट उघडली. वर दुकानाच्या पाटीचा फोटो, खाली सरकत जाणारी लाल अक्षरं, तळाशी बरीचशी रिकामी पांढरी जागा. त्या जागेवरून माऊस दाबून ओढला आणि ओळीच्या ओळी उमटल्या. कूलर नागपूर, बेस्ट कूलर नागपूर, स्वस्त कूलर नागपूर, कूलर इन नागपूर, कूलर वर्धा, कूलर भंडारा, कूलर चंद्रपूर. पांढऱ्यावर पांढरं लिहिलेलं. मी मोजलं, ‘कूलर’ हा शब्द ६४ वेळा. माणसाला दिसू नये आणि यंत्राला दिसावा.

हसू आलं, आणि मग लाजही वाटली. कारण २००९ च्या सुमाराला धरमपेठेत एका जिन्याखालच्या खोलीत आम्ही तिघं जण हाच धंदा करत होतो.

त्या मुलाला शिव्या देऊ नका. तो जुनी विद्या चालवत होता, एवढंच. १९९४ साली याहू आलं ती माणसांनी हाताने लावलेली वेबसाइटांची यादी होती, टेलिफोन डिरेक्टरीसारखी. १९९५ च्या अल्टाविस्टासारख्या शोध-इंजिनांनी पानं स्वतः वाचायला सुरुवात केली. पण त्यांचं वाचणं म्हणजे बरंचसं शब्द मोजणं. कूलर शब्द ज्या पानावर जास्त, ते पान कूलरचं. हे कळल्यावर दुकानदार काय करणार? शब्द कोंबणार. शिवाय पानाच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागात ‘कीवर्ड’ लिहायची एक जागा होती. तिथे लोक वाट्टेल ते लिहायचे. त्या जागेकडे आम्ही क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगून टाकलं. तुमची साइट २०१० ची, आणि त्या जागेत ४० शब्द भरलेले आहेत. त्याचे पैसे वेगळे घेतले नसतील अशी आशा करतो.

गूगलने १९९८ पासून जे वेगळं केलं ते तुम्हाला पटकन कळेल, कारण तुमच्या घरात लग्नं जमली असतील. मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो याला कोणी विचारत नाही. इतवारीतली चार माणसं त्याच्याबद्दल काय सांगतात ते बघतात, आणि त्या चौघांना गावात किती मान आहे तेही बघतात. स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी हीच चौकशी यंत्राला शिकवली. दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक म्हणजे तुमच्यासाठी कोणीतरी टाकलेला शब्द. चांगल्या साइटचा शब्द जास्त वजनाचा.

कल्पना फार चांगली होती. मग आम्ही आलो. साक्षीदार विकत मिळायला लागले. ५०० लिंकांचा एक भाव, १,००० चा दुसरा. तुमच्या साइटकडे येणाऱ्या जुन्या लिंका तपासल्या, तर त्यात पोलंडमधली एक पर्यटनाची यादी आहे आणि दोन जुगाराच्या साइट आहेत. पोलंडातल्या माणसाला सक्करदऱ्याच्या कूलरची एवढी काळजी का असावी?

गूगललाही हाच प्रश्न पडला. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल आला, त्याने उथळ आणि चोरलेल्या मजकुराची पानं खाली ढकलली. २४ एप्रिल २०१२ ला ‘पेंग्विन’ आला, त्याने विकतच्या लिंका आणि कोंबलेले शब्द पकडले. त्या वेळी आमच्याकडे वर्धा रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचं काम होतं. ऐन लग्नसराईत ती साइट पहिल्या पानावरून पाचव्यावर गेली. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला, बशीत ओतला आणि शांतपणे विचारलं, “भाऊ, तुम्ही मले जे विकलं, ते तुमचं होतं का?” आमचं नव्हतंच. ज्या लिंका आम्ही विकल्या त्या कुठल्याही खऱ्या माणसाने त्या कार्यालयासाठी दिलेल्या नव्हत्या. त्या वर्षी मी ती खोली सोडली.

तुमचे भंडारा-चंद्रपूरचे फोन २०१२-१३ च्या आसपास थांबले असणार. तुमच्या पत्रातली वर्षं बरोबर तिथेच येतात.

आता जे मला खरं महत्त्वाचं वाटतं ते. त्या साइटवर ‘आमच्याविषयी’ नावाचं एक पान आहे. ते तुमच्या फोनवर उघडा. मराठी दिसणार नाही. रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलरचं चिन्ह, सगळ्याचा चिवडा दिसेल. तो मजकूर जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला आहे. त्या फाँटची गंमत अशी की आत साठवलेली अक्षरं रोमनच असायची, वरून फक्त देवनागरीचा सदरा चढवलेला. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट आहे तिथे ‘कूलर’ दिसायचं, दुसरीकडे सदरा गळून पडायचा. गूगलला तर तो सदरा कधी दिसलाच नाही. यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना आपापला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, पण आपल्याकडे वर्तमानपत्रांपासून डीटीपीवाल्यांपर्यंत सगळे कितीतरी वर्षं जुन्या फाँटांतच बसून राहिले. त्या काळात मराठीत लिहिलेला प्रचंड मजकूर इंटरनेटवर असून नसल्यासारखा होता. मराठीत शोधून काही सापडत नाही, अशी तक्रार तेव्हा सगळेच करायचे, मीही करायचो. सापडणार कसं?

मी तो चिवडा कन्व्हर्टरमध्ये घालून सरळ केला. सहा ओळी निघाल्या, बहुतेक तुमच्या सासऱ्यांनी सांगितलेल्या. त्यातली एक अशी: ‘एक खिडकी उघडी ठेवल्याशिवाय कूलर गार हवा देत नाही, बंद खोलीत नुसता दमटपणा होतो.’

ताई, त्या सगळ्या साइटवर ग्राहकाच्या उपयोगाचं हे एवढं एकच वाक्य होतं. ६४ वेळा ‘कूलर’ गूगलने वाचलं. हे वाक्य एकदाही वाचलं नाही.

पुढच्या दहा वर्षांत जे बदललं ते अशा वाक्यांच्या बाजूने बदललं. २०१३ च्या ‘हमिंगबर्ड’पासून गूगल सुट्या शब्दांऐवजी पूर्ण प्रश्न समजून घ्यायला लागलं. २०१५ मध्ये ‘रँकब्रेन’ आलं, म्हणजे स्वतः शिकत जाणारं यंत्र कामाला लागलं, कारण रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध गूगलने आधी कधी पाहिलेलेच नसतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी ‘बर्ट’ आलं आणि डिसेंबरपर्यंत ७० हून अधिक भाषांत पोचलं. बर्टचा भर वाक्यातल्या बारीकसारीक शब्दांवर आणि त्यांच्या संबंधांवर. आपल्या भाषेत हे काम प्रत्यय करतात. ‘कूलरला पाणी’ आणि ‘कूलरमधून पाणी’ यांत शब्द तेच, पण पहिल्याला टाकी भरायची आहे आणि दुसऱ्याच्या सोफ्याखाली तळं साचलंय. शब्द मोजणाऱ्या यंत्राला दोघे सारखेच. आता ते वेगळे ओळखता येतात, मराठीत इंग्रजीइतकं चांगलं नाही, हे माझं मत. पण दिशा ती आहे.

मधे मोबाइलचं झालं. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर शोधताना फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना वर ढकललं जायला लागलं. तुमची साइट सायबर कॅफेतल्या पडद्यासाठी केलेली आहे, फोन नंबर वाचायला दोन बोटांनी ताणावी लागते. शिवाय तो नंबर पाटीच्या फोटोत आहे, दाबला तर लागत नाही. उन्हात बंद पडलेल्या कूलरसमोर बसलेला माणूस नंबर कागदावर उतरवून घेत नाही, तो यादीतल्या खालच्या दुकानाला फोन लावतो.

भाच्याच्या साइटबद्दल. त्याची काही चूक नाही. दुकानदारांना गूगल जी फुकट छोटी साइट देत असे ती सोयच मार्च २०२४ मध्ये बंद केली. पण ज्या खात्यावर ती होती ते खातं, नकाशावर दिसणारं तुमचं दुकान, ते अजून आहे. मी पाहिलं. याला आधी गूगल माय बिझनेस म्हणायचे, नोव्हेंबर २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल म्हणतात. तुमच्या धंद्यासाठी वेबसाइटपेक्षा हेच मोठं आहे.

नकाशासोबत दुकानांची जी यादी येते त्यात कोण वर दिसणार हे गूगल तीन गोष्टींवर ठरवतं, आणि हे त्यांनी लपवलेलं नाही: शोधाशी तुमचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब, आणि तुमचं नाव किती. यातली मधली गोष्ट कोणी विकत घेऊ शकत नाही. कोराडी रोडवरच्या माणसाला दिसणारी यादी वेगळी आणि मानेवाड्यातल्या माणसाला दिसणारी वेगळी. म्हणून ‘अख्ख्या नागपुरात पहिला नंबर’ असं जो म्हणतो त्याला विचारा, कुठे उभं राहून पाहायचं? एजन्सीवाला स्वतःच्या ऑफिसात, स्वतःच्या फोनवर तुम्हाला पहिलं दाखवेलही.

तुमच्या प्रोफाइलमध्ये दुकानाच्या नावापुढे कोणीतरी ‘बेस्ट कूलर रिपेअर निअर मी’ असं जोडलंय. ते काढा. पाटीवर जे नाव आहे तेच लिहायचं असा नियम आहे, आणि नाव फुगवल्याबद्दल प्रोफाइल निलंबितही होतं. (माझ्या गल्लीत एका दुकानाच्या खऱ्या पाटीवरच ‘निअर मी’ रंगवलंय. त्याला नियमात कसं पकडणार, मला माहीत नाही.) वेळ बरोबर टाका, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उघडं असेल तर तसं लिहा. एकेका कामाचे फोटो टाका, ताटी बदलण्याआधीचा आणि नंतरचा. आणि मुख्य म्हणजे हे खातं कोणाच्या ईमेलवर आहे ते भाच्याला विचारा. त्याचं असेल तर तुमच्या ईमेलला मालक करून घ्या. एजन्सीच्या ईमेलवर कधीही देऊ नका, भांडण झालं की दुकान नकाशावरून त्यांच्या खिशात जातं. असं झालेल्या दोघांची पत्रं माझ्याकडे पडून आहेत.

रिव्ह्यू विकत घेऊ नका. ‘रिव्ह्यू द्या, पंपावर १० टक्के सूट’ हेही चालत नाही, गूगलच्या नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये एक मानक काढलं आहे. काम झाल्यावर, कूलर सुरू होऊन पहिली गार झुळूक आली की तिथेच विनंती करा. त्या मिनिटाला माणूस खूश असतो.

आता एआयवाला. तो अर्धा खरा आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल बऱ्याच शोधांवर एआयने लिहिलेलं उत्तर सगळ्यात वर दाखवतं. लोक ते वाचतात आणि कुठल्याच साइटवर जात नाहीत. ज्यांचा धंदा नुसता माहितीवर चालतो त्यांची यात खरोखर पंचाईत झाली आहे. तुमची तेवढी नाही, कारण ताटी कोणाला तरी येऊन बदलावीच लागते. ‘एआयसाठी वेगळं करावं लागतं’ म्हणत तो जे विकतोय त्याबद्दल गूगलचं म्हणणं असं की त्या उत्तरांत येण्यासाठी वेगळी कुठलीही अट नाही, जी पानं नेहमीच्या शोधासाठी चांगली तीच इथे चालतात. दुकानाचं नाव, पत्ता, नंबर सगळीकडे एकसारखे असले आणि प्रश्नाला सरळ उत्तर असलं की पुष्कळ झालं. त्याने महिन्याला १०० लेख एआयकडून लिहून देण्याची भाषा केली, तर उठून या. नुसतं वर येण्यासाठी ढिगाने पाडलेली पानं, मग ती यंत्राने पाडलेली असोत की हाताने, मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमात उघड मोडतात. ते पांढऱ्यावरचं पांढरंच आहे, फक्त आता वाचायला बरं लागतं.

मग करायचं काय? तुमच्या दुकानात तक्रारींची वही असणार. फोन आला की नाव, गल्ली, काय बिघडलं, हे लिहिलेली. मागच्या उन्हाळ्याची वही काढा आणि कोणती तक्रार किती वेळा आली ते मोजा. बी.कॉम.चं काम आहे. पहिल्या दहा-बारा प्रश्नांचं एकेक पान करायचं, शुद्ध यूनिकोड मराठीत. खसची ताटी घ्यावी, वुडवूलची की हनीकोंब पॅड, आणि कोणती किती उन्हाळे टिकते. बोअरिंगच्या पाण्याने ताटीवर पांढरा थर चढतो त्याचं काय करायचं. मृग लागला की तोच कूलर अचानक निकामी का वाटतो, म्हणजे हवेतच ओल आली की पाणी उडून गारवा कसा होणार. डेंग्यूच्या डासांसाठी टाकी आठवड्यातून एकदा कोरडी का करायची. आणि शॉकचं पान सगळ्यात आधी लिहा. लोखंडी बॉडी, ओले हात आणि अर्थिंग नसलेला बोर्ड यांमुळे आपल्याकडे दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. त्या पानावर धंदा नाही झाला तरी चालेल.

लिहायला बसू नका. सासऱ्यांना प्रश्न विचारा, फोनवर रेकॉर्ड करा, मग बोलून टाइप करा. वऱ्हाडी राहिली थोडी तर राहू द्या, ‘ताटी वाळली’ हे ग्राहकही तसंच म्हणतो. गूगल अलीकडे अनुभवाला किंमत देतं, मजकूर तपासणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ‘अनुभव’ हा निकष मुद्दाम वाढवला. तीस वर्षांचा अनुभव तुमच्या गल्ल्यावर बसलेला आहे आणि तुम्ही १८,००० रुपये अशा माणसाला द्यायला निघालात ज्याला खस आणि वुडवूल वेगळे सांगता येणार नाहीत. सासऱ्यांचा प्रश्न बरोबर होता.

पैसे अजिबात लागणार नाहीत असं म्हणत नाही. साइट फोनवर नीट दिसेल अशी करणं, त्या पांढऱ्या ओळी आणि फाँटचा चिवडा काढणं, साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं, फुकट मिळणारं सर्च कन्सोल जोडून देणं, हे जाणकार मुलगा किंवा मुलगी एकदाच पैसे घेऊन करेल. महिन्याचा हप्ता नको. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे तेही बघा, २०१० च्या त्या मुलाच्या नावावर असेल तर आत्ताच फोन करा, दरवर्षी नूतनीकरण कोण करतंय हे तुम्हालाही माहीत नसेल.

या उन्हाळ्यात साइटकडून फार अपेक्षा ठेवू नका. प्रोफाइल नीट केलं तर आसपासचे फोन या हंगामातही वाढू शकतात, पानांचा उपयोग पुढच्या वर्षी दिसेल. ती पोळ्यापर्यंत लिहून झाली तर उत्तम, दिवाळीनंतर सुरू केली तर मात्र पुन्हा होळी गाठणं अवघड.

आणि सासऱ्यांना सांगा, त्यांचं खिडकीचं वाक्य वाचून मी आमच्या मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. मागचे दोन उन्हाळे आमचा कूलर तिथे बंद खोलीत चालतोय.